एक मोबाइल आणि कायद्याचे प्रश्न

एक मोबाइल आहे. तो मालकाच्या हातून गेला. गुन्हा कोणता झाला?

एवढ्यावर कायदा उत्तर देत नाही. तो विचारतो : समोरच्याने घेतला की मालकानेच दिला? दिला तर विश्वासाने, भुलून, की घाबरून? आणि समोर किती जण होते?

१ जुलै २०२४ पासून भारतात भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी होती १८६०ची भारतीय दंड संहिता. कलमांचे आकडे बदलले, ३७९ची चोरी ३०३वर आली. व्याख्या मात्र बहुतेक जुन्याच राहिल्या.

चोरीची व्याख्या सावकाश ऐकावी. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी. त्याची संमती नसावी, घेणाऱ्याची नियत खोटी असावी आणि त्याच नियतीने वस्तू हलवलेली असावी. हलवली की झालं. ती घरी पोचायची वाट कायदा बघत नाही. संहितेतलंच उदाहरण आहे : एकाने खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा आपल्यामागे वळवला. कुत्रा मागोमाग चालू लागला, त्याच क्षणी चोरी पूर्ण.

आणखी एक गंमत. इथे प्रश्न ताब्याचा आहे, मालकीचा नाही. घड्याळ दुरुस्तीला दिलं, मजुरी थकली, म्हणून कारागिराने ते अडकवून ठेवलं. मालकाने ते परस्पर उचललं, तर ती चोरी. स्वतःच्याच घड्याळाची! मजुरी थकलेली नसेल आणि मालकाने ते उघडपणे, जबरदस्तीने काढून नेलं, तर दुसरे गुन्हे लागू शकतील, पण चोरी नाही.

‘परत करणारच होतो’ हा बचावही फारसा चालत नाही. कार्यालयातली फाइल एकाने थोड्या दिवसांसाठी बाहेर नेली आणि परत आणून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने तीही चोरीच ठरवली.

मोबाइल आपणच विश्वासाने सोपवला आणि घेणाऱ्याने तो विकून टाकला, तर कलम ३१६, म्हणजे बोलीभाषेत अपहार. थापा मारून काढून घेतला, तर फसवणूक. जुना चारशे वीस आता ३१८मध्ये आहे. इथे सगळा वाद एकाच गोष्टीवर होतो : लबाडी सुरुवातीपासून मनात होती, की नंतर शिरली?

आता दुचाकीवरून येऊन हातातला मोबाइल हिसकावणारे. त्यांच्यासाठी नव्या संहितेत ३०४ हे स्वतंत्र कलम आलं. कैदेची कमाल मर्यादा मात्र साध्या चोरीइतकीच, तीन वर्षं. फरक असा की चोरीत नुसत्या दंडावर सुटका होऊ शकते, हिसकावण्यात नाही.

यानंतर येते भीती, आणि इथून गणित पालटतं. चोरी करताना किंवा माल नेताना मारहाण केली, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथे इजा होईल असं घाबरवलं, की ती जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घडली, तर चौदापर्यंत. पण चोर माल टाकून पळाला आणि केवळ निसटण्यासाठी दगड मारला, तर ती जबरी चोरी होत नाही. दगडाचा गुन्हा वेगळा लागतो.

खंडणीत मालक स्वतःच्या हाताने देतो, पण घाबरून. पिस्तूल रोखून मोबाइल मागितला, तर खंडणीचीही जबरी चोरी होते, कारण धोका समोर आणि आत्ताचा आहे. ‘तुझं मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, दहा हजार पाठव, नाहीतर मारून टाकू’ हा निरोप मात्र खंडणीच राहतो. भीती तिथे कमी असते असं कोण म्हणेल? पण मरण तत्क्षणी समोर उभं नाही, म्हणून कलम वेगळं.

जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली, की दरोडा. प्रत्यक्ष लुटणारे, प्रयत्न करणारे आणि हजर राहून मदत करणारे, सगळे मोजले जातात. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दरोड्याची नुसती तयारीही गुन्हा आहे, आणि त्यासाठी एकत्र जमणंही. काही लुटलेलं नसलं, तरी.

गुन्हा ठरला, की त्याचा वर्ग बघायचा : दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो असा) की अजामीनपात्र. चोरी साधारणपणे दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण नव्या कायद्याने पाच हजार रुपयांची रेघ ओढली. त्याहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र. अशा चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. सुधारणेला वाव देणारी ही तरतूद चांगलीच आहे. तिची दुसरी बाजू तक्रारदाराला भोगावी लागते : मोबाइल साडेचार हजारांचा निघाला, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.