खुडूक कोंबडी आणि तिच्या पोटाखालची अंडी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या गावात कोंबड्यांविषयी बोलायला उभे राहणे हे धाडसच आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणींनी माझ्यापेक्षा अधिक कोंबड्या रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेल्या असणार. तरीही बोलते, कारण माझे म्हणणे एवढेच आहे की अंडी उबवणे हे कोंबडीचे काम असून ते तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. आपले काम ती बसण्यापूर्वीचे आहे, आणि नेमके तेच आपण घाईत उरकतो.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून झाली की एके दिवशी टोपलीतून उठायचे नाव घेत नाही. हात पुढे केला की पिसे फुलवते, घशातल्या घशात आवाज काढते, प्रसंगी चोच मारते. हीच खुडूक कोंबडी. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढलेले असते, त्यामुळे अंडी घालणे थांबते आणि बसण्याची ओढ लागते. छातीखालची पिसे गळून तेथील उघडी, गरम कातडी थेट अंड्याला लागते. तिला उचलून पोटाखाली बोटे घातली, तर ती ऊब चटकन जाणवते. अधिक अंड्यांसाठी निवडलेल्या जातींतून हा गुण जवळजवळ नाहीसा केलेला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा किंवा ग्रामप्रिया कोंबड्या परसात चांगल्या वाढतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची फलित अंडी उबवायची तर शेवटी गावठी कोंबडीच शोधावी लागते. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांवर मात्र कोणतीही कोंबडी बसवून उपयोग नाही, कारण तेथील कोंबड्यांजवळ कोंबडाच नसतो.

अंडी जमवण्याबाबत गोव्याची हवा आपल्याला फारशी मदत करत नाही. साधारण वीस-एकवीस अंश सेल्सियसच्या खाली अंड्यातल्या गर्भाची वाढ पूर्ण थांबलेली राहते. आपल्या स्वयंपाकघरात वैशाखात तापमान तिशीच्या वर असते, म्हणजे कोंबडी बसण्याआधीच गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि बहुधा मरतो. म्हणून उन्हाळ्यात चार-पाच दिवसांहून जुनी अंडी मी बसवत नाही, आणि एरवीही आठवड्याच्या वर जात नाही. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची पद्धत खाण्याच्या अंड्यांना ठीक आहे. रवणाच्या अंड्यांसाठी माठाशेजारची गार, सावलीची जागा बरी, तीही टोकदार बाजू खाली करून. फ्रीजमध्ये ठेवली तर गारठा अति होतो. अंडी धुऊ नयेत, फार मळलेले असेल ते बाजूला काढावे आणि तडा गेलेले तर मुळीच घेऊ नये.

किती अंडी बसवावीत, हे कोंबडीच्या अंगावरून ठरते. मध्यम गावठी कोंबडीला दहा-बारा पुरतात. ती रात्री बसलेली असताना बाजूने एखादे अंडे उघडे दिसले, तर ते काढावे. रोज वेगळे अंडे कडेला येते आणि त्या एका जास्तीच्या अंड्यापायी चार-पाच गारठतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात मी खुडूक कोंबडीला मागच्या पडवीत, जेथे इतर कोंबड्या अंडी घालत, त्याच टोपलीत बसू दिले. ती दाणे टिपायला उठली की दुसरी येऊन अंडे घालून जाई, आणि मी मात्र अंडी वाढताहेत म्हणून खूश. एकविसाव्या दिवशी पाच पिल्ले निघाली. बाविसाव्या दिवशी सकाळी ती पाचांना घेऊन अंगणात उतरली ती परतलीच नाही. टोपलीत नऊ अंडी होती. त्यांतले एक कानाशी धरले, तर आतून अगदी बारीक चिवचिव ऐकू आली. संध्याकाळपर्यंत तेही गप्प झाले. उघडून पाहिले तेव्हा चोच, नखे, ओली पिसे सगळे तयार होते. पोटाबाहेरचा पिवळा बलक तेवढा आत ओढला जायचा राहिला होता. दोन दिवस कमी पडले होते. दोष कोंबडीचा नव्हता, कारण चालू लागलेल्या पिल्लांना दाण्याकडे नेणे हेच तेव्हा तिचे काम असते.

तेव्हापासून सगळी अंडी मी एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवते आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने खूण करते. खूण नसलेले अंडे दिसले की ते त्याच दिवशी स्वयंपाकघरात जाते. कोंबडीला वेगळ्या, अंधाऱ्या जागी रात्री हलवावे. एक-दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून ती टिकते का ते पाहावे आणि मगच खरी अंडी खाली सरकवावीत. टोपलीत तळाला राख, वर भाताचा कोरडा पेंढा. काहीजणी त्यात निर्गुडीचा पाला घालतात, तो मलाही आवडतो. पण दिवसा फटींत लपून रात्री रक्त पिणारे तांबडे बारीक किडे नुसत्या पाल्याने हटत नाहीत, त्यांच्यासाठी टोपली आधीच कडक उन्हात तापवावी लागते. दिवसातून एकदा ती उठेल, दाणे खाईल, पाणी पिईल, राखेत लोळेल आणि वीसेक मिनिटांत परतेल. तेवढ्या वेळात अंडी गार होतील म्हणून तिला हुसकून परत बसवू नये. अंडी फिरवण्याचे कामही तिचेच.

सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चसमोर अंडे धरून पाहावे. आत कोळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. स्वच्छ उजेड आरपार आला तर अंडे रिकामे आणि नुसते लाल कडे दिसले तर गर्भ मेलेला. अशी अंडी ठेवली तर ती कुजतात, आणि पोटाखाली फुटलेल्या अंड्याची घाण बाकीच्या कवचांवर बसते. मिरगाच्या गडगडाटाने अंडी बिघडतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. ठेवायला माझी हरकत नाही, पण त्या दिवसांत भिजलेल्या, बुरशी आलेल्या पेंढ्याकडे आधी बघा.

अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. या काळात मला मुंगसापेक्षा आणि धामणीपेक्षा मुंग्यांची भीती अधिक वाटते. कवचाला पहिले भोक पडले की त्या ओल्या वासावर येतात, आणि बाहेर न आलेल्या पिल्लाला पळता येत नाही. टोपली स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की हा प्रश्न मिटतो. भोक पडल्यावर पूर्ण बाहेर यायला पिल्लाला कधी कधी दिवसभर लागतो, म्हणून कवच सोलू नये; आतल्या रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात. पोटात गेलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढते, तेव्हा दाण्याचीही घाई नको. नंतर तांदळाची बारीक कणी आणि बुडणार नाही इतक्या उथळ ताटलीत पाणी. घारीच्या भीतीने पहिले काही दिवस आईसह डालून ठेवावे.

पिल्ले नको असतील, तर खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळण्याची काही गरज नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या उंच पिंजऱ्यात पेंढ्याविना तीन-चार दिवस ठेवले, दाणा-पाणी दिले, की पोट गार होऊन तिची ओढ उतरते.

शेवटी कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लशीविषयी. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यायचा असतो. पण कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक पिल्लांची मात्रा असते आणि ती कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण कुपी आणणार? म्हणून आमच्या वाड्यावर ज्यांच्या कोंबड्या खुडूक झाल्या आहेत, अशा पाच-सहा घरांनी एकाच संध्याकाळी अंडी बसवायला सुरुवात केली. पिल्ले एकाच दिवशी निघतात, बर्फात ठेवलेली एक कुपी घरोघर फिरते आणि तिचा खर्च वाटून घेतला जातो.