हाड जुळलं, मग पायात जीव का नाही?

दारव्हा तालुक्यातलं एक गाव, सकाळचे सहा. छपरीत बाज, उशाशी वॉकर, खिळ्याला एक्स-रेची पिशवी.

आबाजी ७२ वर्षांचे. कापसाने भरलेली बैलबंडी उतारावर उलटली आणि ते खाली सापडले. मांडीचं हाड मोडलं, कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडा गेला. नागपुरात ऑपरेशन होऊन मांडीत रॉड बसला, त्याला चार महिने झाले.

"हाड त जुळलं म्हन्ते डाक्टर. मंग पायात जीव काऊन नाही?"

एक्स-रेत हाडाचा सांधा दिसतो. हाडाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही.

सावजी रश्श्यातली नळी ठोकून आपण जो मगज चोखतो, तो बहुतेक चरबीच असतो. माणसाच्याही लांब हाडांत वयाबरोबर असा पिवळा मगज साठत जातो. रक्त बनवणारा लाल मगज उरतो तो मुख्यतः कंबर, मणके, बरगड्या आणि छातीच्या हाडात. हीच अस्थिमज्जा. रक्त इथे बनतं हे जर्मन डॉक्टर एर्न्स्ट नॉयमन यांनी १८६८ मध्ये दाखवलं. धडधाकट माणसाची मज्जा सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार करते.

मोठा मार बसला की हे काम विस्कटतं. अंगात ताणाची संप्रेरकं उसळतात. मज्जेचा जोर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींकडे वळतो, तांबड्यांचं काम मागे पडतं. रक्तपेशी ज्यांच्यापासून घडतात अशा काही मूळ पेशी तर मज्जा सोडून रक्तात भटकू लागतात. त्यात यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि लोह साठ्यातच अडकून पडतं. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून शरीर कोठीला कुलूप घालतं. चोर उपाशी राहतो खरा, पण घरचेही उपाशी राहतात. आबाजी लोहाच्या गोळ्या नेमाने घेतात, तरी हिमोग्लोबिन ९ वरच अडलंय. आमच्या भागात रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, शंका येते. ती तपासणी झाली, तसं काही निघालं नाही.

असा मार बसला तर तरुणाची मज्जाही कित्येक आठवडे मंदावते. सत्तरीत मुळात शिल्लकच कमी.

नातू तेल लावायला बसतो. दोन्ही हातांचे पंजे तो आजोबांच्या उजव्या मांडीभोवती धरतो, बोटं भिडत नाहीत. डाव्या मांडीला भिडतात, वर थोडी एकमेकांवरही चढतात.

१९३० च्या सुमारास ग्लासगोत संशोधक डेव्हिड कथबर्टसन हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. प्रथिनं मोडली की सुटणारा नायट्रोजन तिच्यातून इतका जात होता की तो नुसत्या मोडल्या जागेचा असणं शक्य नव्हतं. झीज सगळ्या अंगाच्या स्नायूंची होत होती. जखम भरायला, पांढऱ्या पेशी घडवायला प्रथिनं लागतात, आणि शरीर ती स्नायू मोडून काढतं.

वर बाजेवरचा मुक्काम. अमेरिकेत काही निरोगी वृद्धांना नुसतं १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. त्यांना तर खरचटलंही नव्हतं. आबाजी सहा आठवडे पडून होते. रक्त कमी म्हणून थकवा, थकवा म्हणून बाज, बाजेवर पडून मांडी आणखी गळते.

आपण लोक मात्र "हलू नका, पडून राहा" यालाच सेवा समजतो. खायला काय, तर पातळ वरण-भात, पचायला हलका म्हणून! अशा जखमी म्हाताऱ्या माणसाला, किडनीचा आजार नसेल तर, वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आबाजींचं वजन ५२ किलो, म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम तरी हवीत. वाटीभर पातळ वरणात पाच-सहाच येतात. म्हातारा स्नायू तेवढ्याच घासाला तरुणाइतकी दादही देत नाही.

आता ताटात घट्ट वरण आहे, दोन अंडी, फल्लीदाण्याची चटणी. अंड्यांवरून आजी आठवडाभर रुसल्या होत्या. अंड्यांचं भांडं वेगळं ठेवल्यावर मिटलं.

डॉक्टरांनी पायावर भार द्यायची परवानगी दिली आहे. बाजेवरून उठायचं, परत बसायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सूनबाई चुलीपासूनच मोजतात.

"सहा झाले, मामाजी."

"आठ झाले ना व माय!"

"सहाच."

आबाजी वॉकरची दांडी घट्ट धरतात. डावा गुडघा थरथरतो. बाज करकरते.

"सात."