जे-17 ची पातळी

(कोमाल झरे. दहा सेकंद फक्त पाण्याचा आवाज.)

हे पाणी कुठल्या धरणातून सोडलेलं नाही. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात, बागेतल्या झाडांखाली, चुनखडीच्या कपारीतून ते आपणहून वर येतं. तळाशी पाहत राहा. बोटाच्या पेराएवढा मासा दिसेल. फाउंटन डार्टर. टेक्सासला जमिनीखालचं पाणी मोजायला लावलं ते याने.

(नदीचं पात्र. पाणी, मग ओल, मग नुसते गोटे.)

ही त्याच पाण्याची दुसरी बाजू, पश्चिमेला युवाल्डीकडची. डोंगरातून खळाळत आलेल्या नद्या भेगाळलेल्या चुनखडीवर पोचतात आणि पात्रातच मुरतात. तेच पाणी खालच्या खाली पूर्वेकडे सरकत सॅन अँटोनियो शहराच्या विहिरींना आणि आपण पाहिलेल्या झऱ्यांना मिळतं. पाणी धरून ठेवणाऱ्या या खडकाचं नाव एडवर्ड्स जलधर.

हे पाणी कुणाचं? 1904 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला होता. रेल्वे कंपनीने मोठी विहीर खणली, शेजाऱ्याची आटली. निकाल असा, की भूगर्भातलं पाणी कसं वाहतं ते कुणाला कळणार. ज्याची जमीन त्याने उपसावं. आपण हसू नये. आपला 1882 चा सुविधाधिकार कायदा जवळपास हेच सांगतो, आणि बोअरशेजारी बोअर मारणारे आपण तो न वाचताच पाळतो.

(जुनं छायाचित्र.)

1991 मध्ये सॅन अँटोनियोजवळ मत्स्यशेतीसाठी ही विहीर खणली गेली. पंप लागलाच नाही. खालच्या दाबाने दिवसाला सुमारे 4 कोटी गॅलन, म्हणजे 15 कोटी लिटर पाणी उसळलं. शहराच्या वापराचा जवळपास चौथा हिस्सा, कॅटफिशसाठी! उपशावर मर्यादाच नव्हती.

त्याच वर्षी सिएरा क्लब ही पर्यावरण संस्था न्यायालयात गेली, या छोट्या माशासाठी. 1956 च्या दुष्काळात कोमाल जवळपास पाच महिने बंद पडला होता आणि डार्टर इथून नाहीसा झाला होता. आज दिसतात ते नंतर आणून सोडलेल्यांचे वंशज. न्यायाधीश ल्यूशियस बंटन यांनी टेक्सासला बजावलं, की मर्यादा तुम्ही घाला, नाहीतर केंद्र घालेल. 1993 मध्ये कायदा झाला आणि एडवर्ड्स जलधर प्राधिकरण आलं.

(मीटर, अगदी जवळून. आकडे फिरतायत.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलंय. पाण्याच्या बाजाराबद्दल बोलणारे खरेदी-विक्रीपासून सुरुवात करतात. इथे सुरुवात या मीटरपासून झाली. 1972 ते 1993 या काळात कुणी किती उपसलं याचे पुरावे मागवले. त्यावरून हक्क ठरले. शेतकऱ्याला भिजवलेल्या दर एकरामागे किमान 2 एकर-फूट. एकर-फूट म्हणजे एकरभर रानात फूटभर उभं पाणी, सुमारे 12.3 लाख लिटर. सगळ्यांचे हक्क मिळून वर्षाला 5,72,000 एकर-फूट. आपल्या हिशेबात 25 टीएमसी, पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांपेक्षा थोडं कमी.

शेतकऱ्याचा निम्मा हक्क जमिनीला बांधलेला. उरलेला निम्मा मोकळा, विका किंवा भाड्याने द्या.

(वरून. फवाऱ्याची हिरवी वर्तुळं.)

पाट सोडून फवारा आला की पाणी वाचतं. वाचलेला हक्क शहराचं पाणीपुरवठा खातं घेतं. यात पाइपलाइन कुठेच नाही. शेतकरी इथे उपसायचं थांबतो, शहर आपल्या विहिरीतून तेवढं जास्त उपसतं. खडक एकच. हलतो तो कागद. त्या मत्स्यशेतीचे हक्कसुद्धा शेवटी शहरानेच विकत घेतले.

(जे-17.)

आणि ही निरीक्षण विहीर. दिसायला काहीच नाही, पण संध्याकाळच्या बातम्यांत हवामानाबरोबर हिची पातळी सांगतात. समुद्रसपाटीपासून 660 फुटांच्या खाली गेली की या भागातल्या हक्कांत 20 टक्के कपात. 650 ला 30. 625 ला 44. विकत घेतलेला हक्कही त्यातून सुटत नाही. शिवाय काही शेतकऱ्यांशी आधीच करार असतो. 1 ऑक्टोबरला पातळी 635 किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या वर्षी ठरलेलं पाणी उपसायचं नाही. त्याचे पैसे मिळतात.

पाणीहक्क पश्चिमेकडून शहराकडे सरकतात, ही युवाल्डीकडची जुनी तक्रार आहे. 2012 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकाची भूजलावरची मालकी पुन्हा मान्य केली.

(कोमाल. पहाट.)

1956 नंतर कोमाल पूर्ण आटलेला नाही.

(निवेदन संपतं. पाण्याचा आवाज चालू.)