आधी सावली बघा: शिडाच्या होडीवरचं सोलर

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांचा हात गच्च्यांवर बसला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सूर्यघर योजना आली आणि त्रिमूर्तीनगरपासून जरीपटक्यापर्यंत घराघरावर सोलर प्लेटा दिसू लागल्या. हे काम नागपूरच्या पोरांनी चांगलं केलं आहे. आता काहीजणांना मालवण, वेंगुर्ले, गोव्याकडून शिडाच्या होड्यांची कामं विचारली जाताहेत. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी ऊन, उष्णता आणि तार आपल्या ओळखीची आहे. फक्त गच्चीवरची सवय जशीच्या तशी होडीवर नेली तर काम फसतं. का फसतं, तेच आज सांगायचं आहे.

गच्चीला ग्रिडचा आधार असतो. ढग आले, तर कमी पडलेलं महावितरणच्या लाइनवरून येतं. घर जागचं हलत नाही, पाण्याची टाकी रोज त्याच वेळी त्याच जागी सावली टाकते. होडीला ग्रिड नाही आणि तिची दिशा तासातासाला बदलते. केरळात वैकमला जानेवारी 2017 पासून ‘आदित्य’ नावाची 75 प्रवाशांची सौर फेरीबोट चालते. तिथे मोटर सूर्याच्या जोरावर फिरते, म्हणून सगळं छप्परच पॅनेलांचं आहे. शिडाच्या होडीला पुढे नेतो वारा. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी 2024-25 मध्ये ‘तारिणी’ या शीडनौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, त्या वाऱ्यावर. पण वाऱ्याने रेडिओ चालत नाही, जीपीएस चालत नाही, रात्रीचा दिवा लागत नाही. सूर्याकडून आपल्याला एवढंच काम करून घ्यायचं आहे.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न ‘किती वॉट हवे?’ असा विचारू नका. ‘चोवीस तासांत काय काय चालतं?’ असं विचारा आणि अँपिअर-तासांत, म्हणजे किती अँपिअर गुणिले किती तास, असं लिहून काढा. 30 फुटी होडी धरू. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना 4-5 अँपिअर घेतो आणि कोकणच्या दमट उन्हात निम्मा वेळ चालूच राहतो. म्हणजे एकट्या फ्रिजचे 50 ते 60 अँपिअर-तास झाले. आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, नकाशाचा पडदा, रेडिओ, फोन-लॅपटॉप मिळून आणखी 40 धरा. नांगर टाकल्यावरचा एलईडी दिवा मात्र रात्रभरात जेमतेम 2-3 अँपिअर-तास घेतो. बेरीज साधारण 100, गुणिले 12 व्होल्ट, म्हणजे 1200 वॉट-तास. मालक फ्रिज सोडायला तयार असेल तर हिशेब अर्ध्यावर येतो. ही गोष्ट पॅनेल विकण्याआधी त्याला सांगणं आपलं कर्तव्य आहे.

सपाट ठेवलेलं, मोकळ्या उन्हातलं पॅनेल दिवसाला आपल्या वॉटेजच्या चौपटीच्या आसपास वॉट-तास देतं. होडीवर मी तिप्पटच धरतो. 1200 भागिले 3, म्हणजे 400 वॉट. दोन दिवस आभाळ राहिलं तरी निभावं असं हवं असेल, तर दोन दिवसांचे 200 अँपिअर-तास झाले; लेड-अ‍ॅसिडची निम्मीच क्षमता वापरायची, म्हणून 400 अँपिअर-तासांची बॅटरी लागते. तिचं वजन 120 किलोच्या घरात जातं. लिथियम आयर्न फॉस्फेटची 250 अँपिअर-तासांची बॅटरी तेच काम करते आणि तिचं वजन 30 किलोच्या आसपास भरतं. जमिनीवर वजनाचं काही वाटत नाही, होडीवर प्रत्येक किलोचा विचार करावा लागतो.

आता मुख्य मुद्दा, सावली. पॅनेलमधले सेल एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात. एकजण थांबला की सगळी रांग थांबते. एका सेलवर सावली पडली की त्या ओळीचं तेच होतं. म्हणून पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात. ते अडलेला गट बाजूला टाकून करंटला वाट देतात. 60 सेलच्या पॅनेलमध्ये सहसा तीन गट असतात, 36 सेलच्या लहान पॅनेलमध्ये बहुधा दोन.

होडीवर सावली कुठून येते? डोलकाठी, तिला ताणून धरणाऱ्या तारा, आणि शिडाची खालची आडवी काठी, म्हणजे बूम. नांगरलेली होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करून उभी राहते. कोकणात उन्हाळी दुपारी वारा वायव्येकडून येतो आणि सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो. मग डोलकाठीची सावली कुठे पडणार? होडीच्या मागच्या अंगाला, नेमकी जिथे आपण कमान उभारून पॅनेलं लावतो तिथे. हे कागदावर कळत नाही. जागेवर जा, होडी नांगरलेली असताना सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावलीच्या कडांवर खडूने खुणा करा. बूम एका बाजूला ओढून बांधायची सवय मालकाला लावली, तर कधी कधी एक पॅनेल वाढवण्याइतका फायदा होतो, आणि त्याला खर्च येतो फक्त एका दोरीचा.

किनाऱ्यावर एक नियम सरसकट सांगतात: होडीवर पॅनेलं पॅरललमध्येच, एकमेकांना समांतर जोडा, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरं चालू राहील. हा नियम अर्धाच खरा आहे. 36 सेलचं पॅनेल साधारण 18 व्होल्टवर काम करतं. सावलीने त्याचा एक गट बाद झाला की उरतात 9 व्होल्ट, आणि 9 व्होल्टांनी 12 ची बॅटरी भरत नाही. पॅरललमध्ये ते पॅनेल निम्मं उन्हात असूनही काहीच देत नाही. तीच दोन पॅनेलं सिरीजमध्ये असती, तर 18 अधिक 9, म्हणजे 27 व्होल्ट मिळाले असते आणि काम चाललं असतं. उलट, एक पॅनेल पूर्ण सावलीत आणि दुसरं पूर्ण उन्हात जात असेल, तर पॅरलल चांगलं. म्हणून खडूच्या खुणा बघितल्याशिवाय जोडणी ठरवू नका. माझं मत विचाराल तर 60 सेलच्या जातीची, 31 व्होल्टच्या आसपास काम करणारी पॅनेलं घ्या आणि प्रत्येकाला स्वतःचा लहान एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारं यंत्र) द्या. तीनपैकी एक गट गेला तरी 20 व्होल्ट उरतात, बॅटरी भरत राहते, आणि एका पॅनेलची सावली दुसऱ्याला बाधत नाही. खर्च थोडा वाढतो, पण एक कंट्रोलर बिघडला तरी भर समुद्रात दुसरा चालू असतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

एमपीपीटीच का? पीडब्ल्यूएम हा साध्या जातीचा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. 31 व्होल्ट, 10 अँपिअरचं पॅनेल त्याच्यामागे लावलं तर 13 व्होल्ट गुणिले 10, म्हणजे 130 वॉट मिळतात, 180 वाया. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. मात्र 36 सेलचं एखादंच लहान पॅनेल असेल, तर साधा पीडब्ल्यूएम पुरतो. त्याचं कारण उष्णता, आणि ती आपल्याला कोणी शिकवायला नको. नवतपात हवा 45 अंशांवर असताना सेल 70 पर्यंत जातात. दर अंशामागे साधारण 0.35 टक्के धरले, तर 25 अंशांवर मोजलेलं 400 वॉटचं पॅनेल 340 च्या आसपास येतं. ही घट मुख्यतः व्होल्टेजची असते. तापलेलं 18 व्होल्टचं पॅनेल 15 वर येऊन ठेपतं, मग एमपीपीटीला खेळायला जागाच उरत नाही. काही एमपीपीटींना तर सुरू व्हायलाच बॅटरीपेक्षा 5 व्होल्ट जास्त लागतात. समुद्रावरचा वारा पॅनेलला थंड ठेवतो, पण पाठीमागे मोकळी जागा असेल तरच. डेकवर चिकटवायची पातळ, वाकणारी पॅनेलं मी म्हणूनच सुचवत नाही. ती खालून तापतात आणि लवकर थकतात. पाय ठेवण्याच्या जागीच लावायचं असेल, तर दुसरा इलाज नाही.

कंट्रोलरवर 100/30 असे आकडे असतात. पहिला पॅनेलकडच्या कमाल व्होल्टेजचा, दुसरा चार्जिंग करंटचा. एकाच कंट्रोलरवर 400 वॉट घ्यायचे, तर भागिले 14.4 हे चार्जिंगचं व्होल्टेज, म्हणजे 28 अँपिअर. 30 चा पुरतो. पहिल्या आकड्याशी मात्र खेळू नका. तुमच्या गोदामातली 540 वॉटची पॅनेलं 2.3 मीटर लांब आणि 27-28 किलोची असतात. लहान होडीच्या कमानीवर एवढं वजन आणि वाऱ्याला एवढा आडोसा नकोच. त्यात त्यांचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच न जोडता मोजलेलं, 49-50 असतं. दोन सिरीजमध्ये लावली तर 100 ला टेकतात, आणि थंडीत व्होल्टेज वाढतं. डिसेंबरच्या पहाटे 5 अंशांवर ते 104-105 होईल आणि कंट्रोलर जाईल. कोकणात एवढी थंडी नसते, तरी हिशेब सैलच ठेवा.

बॅटरीचा प्रकार कंट्रोलरला सांगावा लागतो. लेड-अ‍ॅसिडला 25 अंशांवर 14.4 व्होल्ट चालतात, पण बॅटरीचा कप्पा 45 अंशांवर गेला की दर अंशाला 20 मिलिव्होल्टप्रमाणे 14 वर यायला हवं, नाहीतर पाणी उडतं. त्यासाठी तापमानाचा सेन्सर बॅटरीलाच बांधा. लिथियमला तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची ही भरपाई बंद ठेवायची.

तारांबद्दल थोडक्यात. कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवा, म्हणजे लांबचा पल्ला जास्त व्होल्टेजवर जातो. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन 12 मीटरला 10 अँपिअरवर अर्धा व्होल्ट पडतो. 31 व्होल्टांत तो दोन टक्क्यांच्या आत, 12 व्होल्टांत चारच्या वर. तार कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची हवी, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि स्टेनलेसचा बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर. कंट्रोलर रेडिओपासून आणि त्याच्या वायरीपासून लांब.

आणि पावसाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओढून शाकारल्या जातात. शिडाच्या होड्याही बहुतेक तेव्हाच झाकल्या जातात. आच्छादनाखाली पॅनेलला ऊन नाही, म्हणून लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून बाहेर काढा आणि महिन्याला एकदा चार्ज करा. लिथियम अर्धी भरलेली ठेवून सगळे लोड तोडा. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. नारळी पौर्णिमेनंतर परत जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल; कंट्रोलर बॅटरीवरूनच ओळखतो की तो 12 व्होल्टवर आहे की 24 वर.