नळी घाला, आकडा दाखवा

मंडळी, इथं बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे आडपडदा ठेवत नाही. पीयूसीचा, म्हणजे धूर तपासणीचा कागद तुमच्या सगळ्यांकडे आहे. मघाशी बाहेर चहा घेताना मी चौघांना विचारलं, शेवटच्या पीयूसीला आकडा किती आला होता? चौघांनीही तारीख सांगितली, अमुक महिन्यापर्यंत चालतोय म्हणून. आकडा एकालाही ठाऊक नव्हता. आज मला त्या आकड्याबद्दलच बोलायचंय.

आधी मशीन काय करतं ते बघू. पेट्रोल गाडीच्या धुरातले वायू मोजतात. डिझेलला तसं नाही, डिझेलच्या धुराचा दाटपणा मोजतात. मशीनच्या आत एक पोकळी असते. तिच्या एका बाजूला हिरवा दिवा, दुसऱ्या बाजूला त्याचा उजेड मोजणारा डोळा. सायलेन्सरमध्ये नळी घालून घेतलेला धूर मधून जातो आणि तो किती उजेड अडवतो, ते मशीन सांगतं. हिशेब ४३ सेंटीमीटर धुराचा धरतात. बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरच्या सरकारी नियमांचा टप्पा, आकडा मोठा तेवढा नियम कडक. बीएस-४ च्या आधीची गाडी असेल तर मर्यादा ६५ हार्ट्रिज, हे धुराच्या दाटपणाचं माप. म्हणजे १०० भाग उजेड सोडला तर निदान ३५ भाग पलीकडे पोचला पाहिजे. बीएस-४ गाडीला ५०. कागदावर 'के' नावाचा दुसरा एक आकडा दिसतो, तिथं हीच मर्यादा २.४५ आणि १.६२ अशी लिहितात. गोष्ट एकच, पट्टी वेगळी. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, पुढे बीएस-४ पासूनच्या गाड्यांना वर्षभराची आणि जुन्यांना सहा महिन्यांची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड १० हजारांपर्यंत गेलाय, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीनं गाडी नीट ठेवा असं मी सांगणार नाही. त्याचं खरं कारण पुढे येतंच.

तपासणीच्या वेळी गाडी न्यूट्रलला असते. ॲक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबायचा, इंजिन पूर्ण रेसला गेलं की सोडायचा, आयडलला आलं की पुन्हा दाबायचा. असं काही वेळा. इंजिनवर हा मोठा ताण आहे, म्हणून टायमिंग बेल्टची मुदत उलटलेली गाडी कृपा करून या परीक्षेला नेऊ नका. पूर्ण रेसवर बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. ऑइलची पातळी घरूनच बघून निघा.

आणि इंजिन तापलेलं पाहिजे. ऑइल निदान ६० अंशांवर गेलेलं असावं, असं नियमच सांगतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी गरमी होते तिच्यावरच डिझेल पेटतं. सिलिंडर थंड असला की सगळं डिझेल जळत नाही आणि उरलेलं धूर होऊन बाहेर पडतं. सकाळी अंगणातून काढली आणि कोपऱ्यावरच्या सेंटरला लावली, तर चांगली गाडीसुद्धा नापास होऊ शकते. शिवाय गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साठत राहते. ती पहिल्या रेसला भसकन बाहेर येते. म्हणून माझं सांगणं असतं, आधी हायवेला १५-२० किलोमीटर न्या, एक गिअर खाली ठेवून इंजिनला जरा जोर करू द्या, आणि तिथून थेट सेंटर गाठा. मध्ये चहाला थांबू नका. याला काही जण चलाखी म्हणतात. मला ते पटत नाही. गरम इंजिनाचीच तपासणी व्हायला हवी आहे, आपण तेवढंच करतोय.

आता एक गाडी सांगतो. कराड-पाटण वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, बीएस-३ जीप. मालक पासिंगच्या आधी घाबराघुबरा होऊन आला. मशीनवर 'के' ३.६ आलेला. कुणीतरी त्याला सांगून ठेवलेलं की डिझेलचा पंप आणि डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवावे लागतील. एवढ्या खर्चात त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईवर पाणी पडलं असतं. मी त्याला विचारलं, पिकअप कसा आहे? म्हणाला, "दादा, कुंभार्ली घाटात हल्ली दुसऱ्या गिअरशिवाय चढत नाय." मग मी पंपाला हातच लावला नाही. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरला, ठीक होता. टर्बो, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा, त्याच्याकडून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी होसवरून बोटं फिरवत गेलो. क्लिपच्या खालच्या अंगाला बोटं तेलकट झाली. पोराला रेस द्यायला सांगितली तसा तिथं हाताला वाऱ्याचा झोत लागला. नखाएवढी चीर होती. आयडलला ती मिटलेली, टर्बोचा दाब चढला की उघडायची. पंप पूर्ण हवेच्या हिशेबानं डिझेल सोडतोय आणि हवा वाटेतच निसटतेय. मग डिझेल अर्धवट जळून त्याचा कोळसा होणार नाही तर काय? होस बदलला, क्लिप नवी टाकली, गाडी उंब्रजपर्यंत नेऊन आणली. आकडा १.९.

खरी टोचणी पुढे आहे. त्या माणसाकडे चालू मुदतीची पीयूसी होती, दोन महिन्यांपूर्वीची. मी विचारलं, त्या वेळी नळी सायलेन्सरमध्ये घातली होती का? म्हणाला, नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद दिला. चीर तेव्हाही असणार, कारण पिकअप त्याच सुमारास गेला होता. त्या दिवशी नळी आत गेली असती, तर दोन महिन्यांचं जास्तीचं डिझेल वाचलं असतं. आणि त्या गाडीच्या मागं रोज एसटी थांब्यावर शाळेची पोरं उभी असतात, त्यांच्या छातीत तो धूर गेला नसता. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलंय. मी ३१ वर्षं हा धूर हुंगलाय, माझ्या गुरूंना अखेरीस धाप लागायची ती डोळ्यांसमोर आहे. म्हणून नळी न घालता दिलेल्या कागदाचा मला संताप येतो.

काही जण येतात आणि सांगतात, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, बंद करून टाका. खरंय, त्यानं काळा धूर कमी होतो, आकडाही खाली येतो. पण ईजीआर बसवलाय तो नायट्रोजनचे विषारी वायू कमी करायला, आणि आपल्या पीयूसीचं मशीन डिझेलचे ते वायू मोजतच नाही. मशीनला कळत नाही म्हणून ते जाणं थांबत नाही. तसंच बीएस-६ चं. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ आहे, काजळी अडवणारा फिल्टर. साठलेली काजळी जाळायला त्याला सुमारे ६०० अंशांची गरमी लागते. रोज दोन किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्याला ती मिळत नाही आणि डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतो. दिवा लागला की गाडी हायवेला काढा, वीस-एक मिनिटं सलग चालवा. फिल्टर पोकळ करून घेणं हा त्यावरचा इलाज नाही. ते काम मी करत नाही, कितीही पैसे दिले तरी.

डिझेलमध्ये ओतायच्या बाटलीतल्या क्लीनरबद्दल चिठ्ठी आलीय. नोझल थोडे मळलेले असतील तर फरक पडतो. फाटलेला होस बाटलीनं शिवला जात नाही.

दुसरी चिठ्ठी आहे, गाडी नापास झाली तर पहिल्यांदा काय करायचं? सेंटरवर मशीनजवळ उभं राहा आणि प्रत्येक रेसचा आकडा लिहून घ्या. पहिला मोठा आणि पुढचे उतरत गेले तर ती बरीचशी सायलेन्सरमधली काजळी आहे, गाडी हायवेला पळवून पुन्हा लावा. सगळे सारखेच मोठे असतील तर दोष आत आहे, एअर फिल्टर आणि होसपासून बघायला लागायचं, नोझल-पंप शेवटी. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. तापल्यावरही पांढरा राहिला तर आधी रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा. हे आकडे आणि धुराचा रंग एका चिठोऱ्यावर लिहून माझ्याकडे या. बॉनेट मी त्यानंतर उघडेन.