शीशू ते नरक्या: एका विषाचं औषध होताना

(दृश्य: सरळ वाढलेलं उंच झाड. फांदीच्या टोकाला चपट्या, लांबट फळांचे गोल गुच्छ.)

दक्षिण चीनमधलं हे झाड. चिनी नाव शीशू, शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा. तिथल्या पारंपरिक वैद्यकात याची साल, मुळं आणि फळं वापरली जातात. आज आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगावर दिली जाणारी काही औषधं याच झाडातल्या एका रेणूपासून बनली आहेत. एवढं ऐकलं की वाटतं, जुन्या वैद्यांना ठाऊक होतं ते शास्त्रज्ञांनी नुसतं सिद्ध केलं. प्रत्यक्षात शोध लागला तो भलत्याच वाटेने.

1950 च्या दशकात अमेरिकेचं कृषी खातं कॉर्टिसोन हे स्टेरॉइड औषध बनवायला उपयोगी पडतील अशा वनस्पती शोधत होतं. रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत त्यासाठी शेकडो वनस्पतींचे अर्क साठले होते. कर्करोगाशी या कामाचा काडीचाही संबंध नव्हता. पण राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अर्क मागितले, वॉल यांनी पाठवले आणि उंदरांवरच्या चाचणीत त्यातला एक उठून दिसला. तो शीशूचा. झाड चीनमधलं असलं, तरी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी केंद्रात ते वाढवलेलं होतं.

पुढे वॉल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. 1962 मध्ये तिथे त्यांना एक सहकारी मिळाले: मनसुख वाणी. जन्म 1925, गाव नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेत गेले होते. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीशूच्या लाकडातून तो रेणू वेगळा काढला, त्याची रचना उलगडली आणि 1966 साली प्रसिद्ध केली. नाव ठेवलं कॅम्प्टोथेसिन. पाचच वर्षांनी याच जोडीने पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉलची रचना मांडली. कर्करोगाच्या दोन मोठ्या औषधकुळांच्या मुळाशी नंदुरबारचा माणूस आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

(दृश्य: जुन्या प्रयोगशाळेची छायाचित्रं, रेणूची आकृती.)

कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग शिरेतून द्यायचं कसं? त्याचा सोडियम क्षार केला, तो विरघळला. 1970 च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या आणि लवकरच थांबवाव्या लागल्या. रक्तपेशी घसरत होत्या, काहींना लघवीतून रक्त जात होतं. कारण नंतर उमगलं. या रेणूत एक कडं असतं. ते बंद असेल तरच औषध चालतं. सोडियम क्षार करताना नेमकं तेच कडं उघडलं जात होतं. म्हणजे रक्तात औषध दुबळं. पण आम्लधर्मी लघवीत कडं पुन्हा मिटायचं आणि मूत्राशय पोळून निघायचं. जिथे चालायला हवं तिथे थंड, नको तिथे जहाल.

दहाएक वर्षं रेणू बाजूला पडून राहिला. 1985 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लिरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवलं, की तो टोपोआयसोमरेज-1 या पेशीतल्या विकरावर (एन्झाइमवर) नेम धरतो.

पेशी दुभागण्याआधी डीएनएची प्रत निघते. त्यासाठी दोन धागे उलगडावे लागतात आणि चऱ्हाट उसवताना पुढे पीळ चढत जातो तसा इथेही ताण साचतो. हे विकर एका धाग्याला छेद देतं, पीळ सोडतं, छेद पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं छेदात जाऊन अडकतं आणि सांधा होऊ देत नाही. प्रत काढणारी यंत्रणा येऊन तिथे धडकते, डीएनए तुटतं, पेशी मरते. भराभर दुभागणाऱ्या पेशींना याचा फटका सर्वांत जास्त. त्यात कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी मोडतात, तशा आपल्या अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्याही.

मग झाड स्वतः कसं जगतं? त्यालाही हेच विकर लागतं. संशोधकांनी तपासलं तेव्हा शीशूच्या विकरात एक अमिनो आम्ल बदललेलं आढळलं. या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कर्कपेशींमध्येही अगदी तोच बदल सापडलेला आहे. झाडाने स्वतःला वाचवायला काढलेली युक्ती गाठीलाही सापडते. या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत थरारक वाटते ती ही गोष्ट.

रेणूत फेरफार करून दोन औषधं उभी राहिली: टोपोटेकान आणि जपानच्या याकुल्ट कंपनीत तयार झालेलं इरिनोटेकान. दोन्हींना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. इरिनोटेकान घेणाऱ्याला विचारा, पहिली तक्रार जुलाबांची निघेल. यकृत औषधाला निष्प्रभ करून आतड्यात सोडतं आणि तिथले जिवाणू त्याला पुन्हा जागं करतात. काहींच्या यकृतात ही निष्प्रभ करण्याची क्षमता जन्मतःच कमी असते. त्यांना नेहमीची मात्राही झेपत नाही. एवढं शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध असं वागतं. तेव्हा सालीचं चूर्ण ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून कुणी विकत असेल, तर त्यात रेणू किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

(दृश्य: सह्याद्रीतलं सदाहरित जंगल, पावसाळा.)

आता सह्याद्रीत येऊ. 1972 साली मुंबईत गोरेगावला असलेल्या, सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी कळवलं, की हाच रेणू इथल्या एका झाडातही आहे. तेच नरक्या, उग्र दर्पाचं छोटं झाड. शीशूशी त्याचं जवळचं नातं नाही, तरी रेणू तोच, आणि प्रमाण शीशूपेक्षा जास्त. जगभरातून मागणी आली आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत कुऱ्हाड चालली. नरक्याची तस्करी, पकडलेला टेम्पो, पोत्यांत भरलेले लाकडाचे तुकडे: अशा बातम्या चंदगड-दोडामार्गकडून अनेकदा आल्या. तोडणाऱ्याच्या हाती पडते ती मजुरी. लाकूड कुठे जातं, कशासाठी जातं, याचा पत्ता त्याला असतोच असं नाही.

झाड न तोडता रेणू मिळवायचे प्रयत्न झाले. जम्मूच्या संशोधकांना नरक्याच्या आत राहणारी, हाच रेणू बनवणारी बुरशी सापडली. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या की उत्पादन घसरत जातं, असं इतरत्र दिसून आलं आहे. शीशूचं त्या मानाने सोपं आहे. त्याच्या कोवळ्या पानांत रेणू भरपूर असतो, त्यामुळे लागवड करून नुसती छाटणी केली तरी भागतं. नरक्याचा साठा मात्र खोडात आणि मुळांत असतो. म्हणून तोडणारा फांदीवर थांबत नाही, झाड मुळासकट उपटतो.