लोहाराचा तिसरा हात

श्रोतेहो, नमस्कार.

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कुणी एकटाच आला तर तो अर्धा कोयता, आणि मुकादम उचलही त्याला त्याच हिशेबानं देतो. मी हे कोयते घडवणारा लोहार. माझ्या भट्टीपाशी गेली कित्येक वर्षं मी स्वतःच अर्धा कोयता आहे. एकट्या माणसानं ऐरणीवर तापलं लोखंड कसं आवरायचं, त्यासाठी हाताशी काय काय लागतं, ते आज सांगावं म्हणतो.

आधी पूर्ण जोडी कशी चालायची ते ऐका. आमच्या साळेत, म्हणजे लोहारकामाच्या जागेत, ऐरण जमिनीत गाडलेल्या बाभळीच्या खोडावर बसवलेली होती. इतकी बुटकी, की दादा, म्हणजे माझे वडील, तिच्यापुढं उकिडवे बसत. डाव्या हातात सांडस, उजव्या हातात किलोभराचा हातोडा. समोर आई उभी, तिच्या हातात पाच किलोचा घण. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांकडं तुम्ही हे पाहिलं असेल. पुरुष बसून लोखंड फिरवतो, बाई घण मारते. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते उफराटं दिसतं. पण डोक्यावरून आणलेला घण बोटभर जागेत नेमका पाडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आणि तसा घण पाडायचा तर ऐरण बुटकीच हवी.

कामाच्या वेळी बोलणं नसायचं. दादा हातोडा जिथं टेकवतील, तिथं आईचा घण. दादांनी हातोडा कामावरून काढून ऐरणीच्या कडेला टिणकन वाजवला, की घण थांबवायचा. मी पंख्याचं चाक फिरवत बसलेला. कातड्याचा भाता मी पाहिला तो माळ्यावर, उंदरांनी कुरतडलेला.

मी दहावीला होतो तेव्हा आईचा खांदा गेला. डॉक्टरांनी घण बंद सांगितला. मग एक पोरगा ठेवला, तो सहा महिन्यांत कारखान्यात लागला. दुसरा आला, त्यानं पहिल्याच आठवड्यात घण ऐरणीच्या कडेवर घातला आणि कडेचा कपचा उडवला. दादा त्याला काही बोलले नाहीत. हिशेब करून घरी पाठवला.

आता एकट्याचं अडतं कुठं? पाटा चपटा करायला अडत नाही. दोन तापांत, म्हणजे दोनदा भट्टीत घालून, व्हायचं काम पाच तापांत होतं, एवढंच. अडतं ते भोक पाडताना. कुदळीचं नेढं, म्हणजे दांडा घालायचं भोक, घ्या. एक हात सांडशीला, एक भोक पाडायच्या सुंब्याला, एक हातोड्याला. तीन झाले, आणि आपल्याकडं आहेत दोन.

बरं, लोखंड काही थांबत नाही. जितकं जास्त तापलेलं, तितक्या झपाट्यानं ते उष्णता टाकतं. पिवळ्यावरून लालीवर येतं ते बघता बघता, लालीवरून काळं पडायला त्या मानानं वेळ घेतं. त्यात ऐरण म्हणजे थंड लोखंडाचा ढीग, टेकवल्याबरोबर ती खालून ताप ओढून घेते. बारीक सळई असेल तर भट्टीतून काढल्यावर आठ-दहा घाव मिळतात. त्यातले चार तुम्ही सुंबा शोधण्यात घालवले, तर परत भट्टीत. आणि काम ट्रकच्या पाट्याचं असेल, तर काळ्या तापावर मारलेला घाव चीर पाडतो. ती चीर तेव्हा दिसत नाही. उसाच्या फडात दिसते, आणि गिऱ्हाईक कोयत्याचे दोन तुकडे घेऊन दारात येतं.

दादांनी यावर मोटरसायकलची जुनी चेन काढली. तिचं एक टोक ऐरणीच्या खोडाला मागल्या बाजूनं हुकात अडकवलं. चेन ऐरणीच्या माथ्यावरून पुढं आणली आणि दुसऱ्या टोकाला सळईची रिकीब केली, घोड्याच्या खोगिराला असते तशी, जमिनीपासून चार बोटं वर लोंबणारी. तापलेलं काम ऐरणीवर ठेवायचं, चेन त्याच्यावरून आडवी घ्यायची, रिकिबीत पाय घालून दाबायचं. काम जागच्या जागी जखडलं. डावा हात मोकळा झाला, त्यात सुंबा धरा. पाय उचलला की चेन ढिली, काम सरकवा, पुन्हा दाबा. चेनच का, तर ती ताणून लांबत नाही, एकाच अंगानं वाकते, त्यामुळं कामावर पीळ न खाता चपखल बसते. दोरी जळली असती आणि तार काचली असती.

हीच युक्ती पुढं मी मोबाइलवर अमेरिकेतल्या लोहारांकडं पाहिली. कुणी पाय घालतं, कुणी टोकाला वजन लोंबतं ठेवतं. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. अडचण तीच, पायही दोनच, मग दुसरं सुचणार तरी काय?

चेन लावली खरी, पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. उकिडवं बसलेल्या माणसाला पाय दाबता येत नाही. आमची सगळी मांडणीच दोघांसाठी होती, एक बसलेला आणि एक उभा. एकटं काम करायचं तर उभं राहायला हवं, आणि उभं राहायचं तर ऐरण वर यायला हवी. मग जुन्या बाजारातून शिंगाची, म्हणजे एका अंगाला निमुळतं टोक असलेली, ऐरण आणली आणि उंच खोडावर बसवली. माप सोपं आहे: सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची हाडं जिथं येतील तिथं ऐरणीचा माथा. दादांनी महिनाभर कंबर धरली. गावातली म्हातारी माणसं येऊन बघून जायची, लोहार उभ्यानं काम करतो म्हणून.

त्या नव्या ऐरणीला माथ्यावर दोन भोकं होती, एक चौकोनी, एक गोल. आमच्या जुन्या ऐरणीला तसलं काही नव्हतं. चौकोनी भोकात उभी छिन्नी बसते, धार आकाशाकडं. सळई तोडायची तर छिन्नी धरायला कुणी लागतच नाही. तापलेली सळई धारेवर ठेवा, वरून हातोडा मारा, फिरवा, पुन्हा मारा. शेवटचा घाव मात्र धारेवर घालायचा नाही, नाहीतर हातोडा आणि छिन्नी एकमेकांना भेटतात आणि दोघांची धुळधाण होते. थोडं तोडायचं ठेवून, कडेला धरून मोडायचं.

माझ्या उजव्या हाताच्या करंगळीच्या हाडावर एक पांढरा व्रण आहे, तो याच छिन्नीचा. सळई तोडली, छिन्नी भोकातच ठेवली आणि घाईत दुसरं काम ऐरणीवर घेतलं. तिसऱ्या घावाला मूठ धारेवर. तेव्हापासून तोडून झालं की छिन्नी आधी भोकाबाहेर, मग सळईचा तुकडा उचलायचा. मुलाला शिकवताना पहिला नियम हाच सांगितला, आणि व्रण दाखवूनच सांगितला.

गोल भोकाचा उपयोग दुहेरी. भोक पाडताना सुंबा आरपार जायला वाट मिळते, आणि त्यात इंग्रजी सातच्या आकड्यासारखा वाकवलेला लोखंडी बार बसतो. त्याचं वाकडं टोक कामावर टेकवायचं आणि पाठीवर एक हातोडा. बार भोकात तिरका होऊन आवळतो, काम दाबून धरतो. काढायचा तर मागून, उलट्या बाजूनं एक टोला. स्क्रू नाही, बोल्ट नाही. ही माझी सगळ्यात लाडकी वस्तू आहे. सरळ बारवर काम करायला याच्याइतकं काही चांगलं नाही. आकार वेडावाकडा असेल तर चेन बरी.

आता नेढं पाडून बघू. काम भरपूर तापवून ऐरणीवर, चेन त्याच्यावर, पाय रिकिबीत. सुंबा मधोमध उभा धरून तीन-चार जोरकस घाव. की लगेच सुंबा काढून पाण्यात, कारण तापला की तो मऊ पडतो, टोकाला फुगतो आणि भोकात रुतून बसतो. खड्ड्यात चिमूटभर कोळशाची भुकटी टाकायची, म्हणजे सुंबा चिकटत नाही. पुन्हा घाव. खालून ऐरणीचा कठीणपणा हाताला जाणवायला लागला, घावाचा आवाज बद्द न येता टणटणीत आला, की काम उलटं करायचं. पाठीमागं बरोबर सुंब्याच्या जागी काळसर टिकली दिसते, कारण तेवढीच जागा ऐरणीवर दाबली जाऊन थंड झालेली असते. ती टिकली गोल भोकावर आणायची, सुंबा तिच्यावर, एक घाव. खाली टप्पकन रुपयाएवढी लोखंडाची चकती पडते. हे एका तापात जमलं तर त्या दिवशी चहा लवकर.

सांडशीबद्दल दोन शब्द बोललो नाही तर दादा मला माफ करणार नाहीत. तिसऱ्या हाताचा विचार करण्याआधी पहिला हात नीट हवा. सांडशीचा जबडा त्या-त्या मापाच्या लोखंडासाठी बेतलेला असावा. काम धरल्यावर जबड्याचे ओठ आणि काम यांच्यात फट राहता कामा नये, आणि मुठीत दोन्ही दांड्यांमध्ये बोटभर अंतर उरलं पाहिजे. एकच सांडस घेऊन सगळी कामं करणारा लोहार मला दिसला, की मी चार पावलं मागं सरकतो. तापलेला पाटा निसटून कुणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही. दांड्यांवर एक कडी ओढून बसवली की जबडा आपोआप आवळलेला राहतो आणि मुठीला विश्रांती मिळते. साधी वाकवलेली कडी, पण दिवसभर शंभर कोयते पाजवणाऱ्याला विचारा तिचं मोल.

कोयत्याच्या पात्याला शेपूट असतं, जे मुठीत जातं. पातं आणि शेपूट यांच्यामध्ये खांदा पाडावा लागतो. पूर्वी दादा त्या जागी गोल तोंडाचं अवजार धरायचे आणि आई वरून घण मारायची. आता मी त्यासाठी चौकट केली आहे. दोन अँगल उभे, त्यांच्या खाचेत पाट्याचे दोन तुकडे, एक खाली बसलेला, एक वर सैल सरकणारा, दोघांची तोंडं समोरासमोर. कोयता मधे घालायचा आणि वरच्या तुकड्याच्या डोक्यावर हातोडा. वरून-खालून एकदम सारखी खाच पडते, आणि वरचं अवजार धरायला कुणी लागत नाही. एकच पथ्य: वरच्या तुकड्याचं डोकं मऊ ठेवायचं, त्याला पाणी द्यायचं नाही. कठीण डोक्यावर कठीण हातोडा पडला की कपचे उडतात, आणि ते डोळ्याची वाट बरोबर शोधतात.

इंग्लंडात क्रेडली हीथ म्हणून पूर्वी साखळ्या करणाऱ्यांचं गाव होतं. तिथं बायका घराच्या परसात छोट्या भट्टीवर साखळीच्या कड्या घडवायच्या. १९१० साली त्यांनी किमान मजुरीसाठी दहा आठवडे काम बंद ठेवलं आणि ती मिळवली. मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटतं ते आणखी एका कारणानं. त्या भागात खिळे आणि साखळ्या करणारे ऑलिव्हर नावाचा पायाचा हातोडा वापरायचे. खाली पायपट्टी, वर छताशी बांधलेली लवचिक काठी. पाय दाबला की जड हातोडा ऐरणीवर, पाय सोडला की काठी त्याला वर ओढून घेते. आपल्या शिवणाच्या पायमशीनचा थोरला भाऊ म्हणा. दोन्ही हात कामावर, आणि घण मारणारा पाय.

तसला एक मीही करून पाहिला. पंचवीस किलोचं डोकं, ट्रॅक्टरची स्प्रिंग, चॅनेलचा सांगाडा. पहिल्या दिवशी स्प्रिंग जास्त कडक निघाली, हातोडा खाली यायलाच तयार नाही. मी पायपट्टीवर उभा राहून नाचतोय, आणि दारात मुलं हसतायत. दुसरी, नरम स्प्रिंग लावल्यावर जमलं. आता सुंबा, छिन्नी, सगळं त्याच्याखाली चालतं. विजेचा पॉवर हॅमर का घेत नाही, असं विचारतात. घेणाऱ्यानं जरूर घ्यावा. माझं काम हंगामी आहे, आणि ऐन हंगामात वीज कधी जाते ते तुम्हाला माहीत आहे.

विजेवर माझ्याकडं फक्त ब्लोअर आहे, चाक फिरवणाऱ्या पोराच्या जागी. त्यानंही एकदा दगा दिला. गिऱ्हाइकाशी भाव करत होतो, ब्लोअर चालू, आणि भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. चांगला पाटा जळून खडबडीत झाला, टाकूनच दिला. चाक फिरवणारा पोरगा निदान ओरडला असता. मग ब्लोअरचं बटण पायाखाली घेतलं. पाय ठेवला तर वारा, काढला तर बंद. गप्पा मारायला भट्टीपासून हललो की आपोआप शांतता.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघायच्या असतात, तेव्हा माझ्या दारात कोयत्यांचा ढीग असतो. आई ओसरीवर बसून असते. हल्ली तिला दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. परवा एका कोयत्याचा ताप संपला, मी पाय चेनवरून काढला आणि सवयीनं हातोडा ऐरणीच्या कडेला टिणकन वाजवला. ओसरीवरून आवाज आला, "थांबलेय रे मी कधीची."

नमस्कार.